भोपळ्याची झडप

पुस्तक पोस्टाने आलं तेव्हा मास्तरांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही.

जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांनी लिहिलेलं, सगळ्या सभासदांना सप्रेम भेट. मास्तरांनी साबणाच्या बोटांनीच ते मध्ये उघडलं, आणि समोर त्यांचा भोपळ्या उभा. पुढून, मागून, वरून, उभा छेद, आडवा छेद. अकराच्या अकरा शीट्स. मास्तरांच्या बावीस वर्षांच्या रविवारांची कमाई. आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं: आरेखन, पुढे सेक्रेटरीसाहेबांचं नाव.

"अगं ए!" मास्तर असे ओरडले की पुढच्या खोलीत बायकोच्या हातातली कात्री खाली पडली.

"काय झालं? कापलं का?"

"कापलं! गळाच कापला माझा!"

आता हा भोपळ्या कोण, ते आधी सांगतो, नाहीतर मास्तरांचा संताप कळायचा नाही. मास्तर बसगाड्यांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. छत्तीस वर्षं त्यांनी बसच्या बॉड्या कागदावर काढल्या. दार किती रुंद, पायरी किती उंच, दांडा कुठे. लोक त्या बसमध्ये चढले, उतरले, सीटवर नावं कोरून गेले, पण ही कुणी काढली असेल असं एकाच्या तरी मनात आलं का? नाव नको. बस काय बघायची वस्तू आहे? म्हणूनच की काय, मास्तरांचा जीव जडला तो विमानांमधल्या बसवर. महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लहानमोठ्या कारखान्यांनी कामाची विमानं बांधली होती, त्या विमानांवर. बेडकाच्या पिल्लासारख्या पोटाचं एरोव्हॅन, त्याचा मागचा भाग दारासारखा उघडून आत अख्खी मोटार घालता यायची. लोकरीचे गठ्ठे पोटात घेणारं प्रॉस्पेक्टर. शेतावर खत टाकणारं अ‍ॅग्रिकोला, ते तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच बनलं. बोजड, ठेंगणी, तोंडं अशी की फोटोवाल्यानेही मान फिरवावी.

"लढाऊ विमान काय, कुणालाही आवडतं," मास्तर म्हणायचे. "देखणी पोरगी बघायला गल्ली जमते. जी घर चालवते तिच्याकडे बघा की लेको!"

त्यातलंच हे एक. त्याला नाव सुद्धा धड मिळालं नव्हतं, नुसता नंबर. दोनच नग बनले, कंपनी बुडाली, एक नग जळला, दुसरा भंगारात गेला. मास्तर त्याला भोपळ्या म्हणायचे. परदेशी मासिकात त्याचे उडतानाचे दोन धूसर फोटो आले होते, बस्स. बाजूने कसा दिसतो ते कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी पत्रांवर पत्रं लिहून त्या कारखान्याचा एक म्हातारा फोरमन शोधून काढला. त्याने एका लिफाफ्यात एकच निगेटिव्ह पाठवली आणि सोबत चिठ्ठी: मला आता याचा उपयोग नाही, तुम्हीच ठेवा. पुढच्याच वर्षी तो वारला. त्या निगेटिव्हवरून मास्तरांनी घरच्या बाथरूममध्ये फोटो छापला आणि त्या फोटोवरून इंच इंच मोजून अकरा शीट्स काढल्या.

मंडळ म्हणजे जुन्या विमानांच्या वेड्यांचं मंडळ. वीस-पंचवीस डोकी, दर महिन्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायची. मास्तर तिथले सर्वांत जुने आणि सर्वांत नावडते सभासद. कारण कुणी काही सांगायला उभं राहिलं की तिसऱ्या वाक्याला मास्तरांचा हात वर. "चूक. त्याला दोन नाही, तीन शेपट्या होत्या." कुणी हौसेने मॉडेल आणलं की मास्तर खिशातून पट्टी काढणार. पाठीमागे सगळे त्यांना फुटपट्टी म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं.

दीड वर्षापूर्वी सेक्रेटरीसाहेब घरी आले होते. बँकेतून निवृत्त, कोट कडक, बोलणं लोण्यासारखं. "मास्तर, हे धन असं गुंडाळून ठेवायचं नसतं. द्या, मंडळाच्या संग्रहासाठी नक्कल करून घेतो." मास्तरांनी दिलं. शीट्स दिल्या, फोटोही दिला. बाई, म्हणजे मास्तरांची बायको, तेव्हा म्हणाली होती, "अहो, पावती तरी घ्या." मास्तर तिच्यावरच खेकसले होते. माणसं ओळखायची अक्कल म्हणून नाही!

तर अर्ध्या दाढीने मास्तर तसेच निघाले ते थेट डॉक्टरांकडे. डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, माणूस सज्जन पण कुणाचं वाईट नको म्हणून प्रत्येक गोष्टीला मान हलवणारा. त्यांनी सेक्रेटरीसाहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"मास्तरांच्या शीट्स?" सेक्रेटरीसाहेबांचा आवाज शांत. "त्या मी केव्हाच परत दिल्या. दारात ठेवून आलो होतो. विसरले असतील, वय झालंय."

"वय झालं तुझ्या..." मास्तर फोनवर झेपावले. डॉक्टरांनी हात धरला.

"आणि माझी आरेखनं माझी आहेत. कारखान्याच्या दप्तरातून मूळ फोटो मिळवलाय मी, पान बाराला छापलाय. एकाच विमानाची चित्रं दोघांनी काढली तर ती सारखीच येणार ना, डॉक्टर? उलट मी प्रस्तावनेत मास्तरांचे आभार मानलेत."

मानले होते खरे. सोळा जणांच्या यादीत चौदावे, वाचनालयाच्या शिपायाच्या वर एक. 'चहाच्या वेळच्या चर्चेबद्दल.'

"मास्तर," डॉक्टर फोन ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे काही कच्चं काम असेल ना? तारखा घातलेलं? तेवढं दाखवा, मी स्वतः बोलतो त्याच्याशी."

इथेच घोडं अडलं. कारण कच्चं काम नव्हतंच. कारखान्याचा नियम होता, शीट पक्की झाली की आधीचे सगळे कागद फाडायचे. नाहीतर वर्कशॉपमधला कोणी जुना कागद उचलतो, त्यावरून पत्रा कापतो आणि दार खिडकीच्या जागी बसतं. मास्तरांनी हा नियम छत्तीस वर्षं पाळला आणि घरीही पाळला. एकेक शीट पूर्ण झाली की मागचे कागद टराटरा फाडून बंबात. केवढा अभिमान त्या फाडण्याचा! आणि पुस्तकातल्या शीट्स कॉम्प्युटरवर नव्याने ओढून घेतलेल्या. मास्तरांचा हात, त्यांचे बाण, त्यांचे आकडे, काहीच उरलेलं नव्हतं.

"कागद नसतील तर..." डॉक्टरांनी मान हलवली.

"तर काय? मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही हो. पण रविवारी प्रकाशन आहे. आणि तुम्हाला कळलं असेलच, ब्रिटनमधलं एक संग्रहालय या चित्रांवरून भोपळ्याचं पूर्ण मापाचं धूड बांधणार आहे. पुढच्या महिन्यात पत्रा कापायला घेतायत. एवढ्या आनंदाच्या वेळी वाद कशाला?"

मास्तर घरी आले ते पाय आपटतच. त्यांचा भोपळ्या पुन्हा उभा राहणार होता, खराखुरा, आत माणसाने शिरावं असा, आणि पाटीवर नाव त्या लोणीवाल्याचं! पुढच्या खोलीत बाईचं शिवणकाम. मोठं कापायचं टेबल, भिंतीला कोटांचे खाके, खुंटीवर अर्धवट शिवलेले दोन कोट. बाई शहरातल्या निम्म्या पुरुषांचे कोट शिवायची, सगळे तिला टेलरबाई म्हणत. मास्तरांनी तिचं कापड बाजूला लोटलं आणि आपली पेटी त्या टेबलावर पालथी केली. पत्रं, पाकिटं, कात्रणं. काहीतरी सापडेल. सापडलंच पाहिजे!

"अहो, ते गिऱ्हाइकाचं कापड आहे!"

"गेलं खड्ड्यात तुझं गिऱ्हाईक!"

"गिऱ्हाईक खड्ड्यात गेलं तर जेवाल काय? निगेटिव्ह?"

बाई कापड उचलायला वाकली आणि तिच्या हाताला एक फोटो लागला. पहिलाच छापलेला, अख्खा फोटो. मास्तरांच्या टेबलावर असायचा तो त्याच दिवशी मोठा केलेला, नुसत्या विमानाचा. सेक्रेटरीसाहेबांनी नेला तोही तसलाच. या अख्ख्या फोटोत विमानाच्या नाकापुढे दोन माणसं उभी होती, तो फोरमन आणि त्याचा साहेब. मास्तरांना माणसांत काडीचा रस नव्हता म्हणून त्यांनी ती कापून टाकली होती. बाईने चष्मा वर केला, फोटो खिडकीशी नेला.

"हे काय, या दोघांनी बायकांचे कोट घातलेत का?"

"मला थट्टा नकोय आत्ता."

"थट्टा कसली? बघा ना. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, छातीचा खिसा डावीकडे. यांचं सगळं उलटं. एकाचं उलटं असतं तर म्हटलं असतं शिंपी मूर्ख होता. दोघांचं?"

मास्तर खेकसायला वळले आणि त्यांची नजर त्या खिशांवर गेली. त्यांनी तिच्या हातून फोटो घेतला. मग लिफाफा शोधला, निगेटिव्ह काढली, दिव्यापुढे धरली. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. छापताना मंद बाजू कागदाकडे. शाळेतल्या पोरालाही शिकवतात हे. ती बाजू पलीकडे करून धरली तर भोपळ्याचं नाक डावीकडे येत होतं. फोटोत ते उजवीकडे होतं.

म्हणजे मास्तरांनी फोटो उलटा छापला होता. विमानावर तेव्हा अक्षर नव्हतं, नंबर नव्हता, कोरा पत्रा. कळणार कसं? पोटाजवळची माल भरायची झडप, जिच्या बिजागऱ्यांवर मास्तरांनी दोन वर्षं घालवली होती, ती उजवीकडे नव्हतीच. डावीकडे होती. पायरी डावीकडे, धुराडं डावीकडे. अकरापैकी सात शीट्स चूक.

मास्तर खुर्चीत बसले. बाईला वाटलं छातीत दुखायला लागलं.

"त्या दिवशी तू बाथरूमचं दार वाजवत होतीस," मास्तर पुटपुटले. "मी चिडलो होतो."

"हं! म्हणजे माझीच चूक!"

"तुझी कशी असेल? हात माझे होते." आणि मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर अशी चापट मारली की बाई दचकली. "गाढव! लोकांच्या शेपट्या मोजतो गाढव, आणि स्वतःला डावं-उजवं कळत नाही!"

ते बराच वेळ स्वतःला शिव्या देत होते. बाईने चहा ठेवला, तो निवला. मग अचानक मास्तर उठले, पुस्तकाचं बारावं पान उघडलं. कारखान्याच्या दप्तरातून मिळालेला म्हणे मूळ फोटो. भोपळ्याचं नाक उजवीकडे.

"कारखाना स्वतःचं विमान उलटं छापेल?" मास्तर हळूच म्हणाले. "अगं, उलटा फोटो जगात एकाच ठिकाणी छापलाय. आपल्या बाथरूममध्ये."

बाईच्या लगेच ध्यानात आलं. "सापडला की मग चोर!"

"सापडला. पण मला काय म्हणावं लागेल? भर सभेत? की हे चुकलेलं काम माझं आहे?"

बाईला मंडळ ठाऊक होतं. बावीस वर्षं ज्यांच्या चुका काढल्या ते सगळे तिथे असणार. कापडाची घडी घालत ती म्हणाली, "मग बोलूच नका. चोरलंय ना त्याने? चुकीसकट चोरलंय. बांधू दे ते धूड. उद्या कुणीतरी जाणता उठेल आणि म्हणेल झडप भलतीकडे आहे. त्याचंच तोंड काळं होईल. तुमचं नाव कुठेच नाही. करावं तसं भरावं."

सल्ला काही वाईट नव्हता. मास्तर तीन दिवस तो चघळत होते. गंमत वाटायची, गुदगुल्या व्हायच्या. सेक्रेटरीसाहेब संग्रहालयात फीत कापतायत आणि कुणीतरी मागून म्हणतंय, चूक! पण मग डोळ्यांपुढे पत्रा यायचा. कातरीखाली सरकणारा पत्रा, उजव्या बाजूला पडणारं भोक. जगात आता तेवढा एकच भोपळ्या असणार होता. आणि तो जन्मभर उलटा उभा राहणार, मास्तरांनी तोंड मिटलं म्हणून. शनिवारी संध्याकाळी त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "माझ्याच्याने नाही होणार."

"काय?"

"चुकीच्या कागदावरून पत्रा कापू द्यायचं. नाही जमत. तू चल उद्या. कोटाचं तू सांग, मला कुणी विचारलं तर मी शिव्याच देईन."

रविवारी हॉल भरला होता. टेबलावर पुस्तकांची चळत, सेक्रेटरीसाहेब नव्या कोटात. डॉक्टरांनी चार शब्द बोलून विचारलं, कुणाला काही प्रश्न? मास्तरांचा हात वर. हॉलभर एक उसासा गेला. आली फुटपट्टी!

"माल भरायची झडप कोणत्या बाजूला?" मास्तरांनी विचारलं.

सेक्रेटरीसाहेब हसले. "उजव्या. शीट चार बघा."

"खात्री आहे?"

"मास्तर, कारखान्याच्या मूळ फोटोवरून मी स्वतः मोजलंय. बिजागरीसुद्धा."

"चूक. डावीकडे आहे."

"झालं सुरू," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मास्तरांनी लिफाफ्यातून निगेटिव्ह काढून डॉक्टरांच्या हातात दिली. बाई अख्खा फोटो घेऊन पुढे आली, थेट सेक्रेटरीसाहेबांसमोर उभी राहिली. कुणाला कळेना ही काय करतेय.

"साहेब, जरा ताठ उभे राहा," ती गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली. साहेब सवयीने ताठ झाले. "हा छातीचा खिसा, डावीकडे. ही डावी पट्टी, वर. बरोबर? कोट चांगला बेतलाय. आता या फोटोतले हे दोघे बघा. खिसा उजवीकडे, उजवी पट्टी वर. दोघांचीही. तीस वर्षं कोट शिवतेय मी, असे पुरुष मी फक्त आरशात बघितलेत."

डॉक्टरांनी निगेटिव्ह खिडकीकडे धरली, फोटोशेजारी धरली, मग पुस्तकाचं बारावं पान उघडलं. पहिल्यांदाच त्यांनी मान हलवली नाही.

"हा फोटो मी उलटा छापला," मास्तर म्हणाले. आवाज चढत गेला. "मी! घरी, बाथरूममध्ये, बावीस वर्षांपूर्वी. निगेटिव्ह माझ्याकडे आहे, दुसरी कुठे नाही. तुमच्या कारखान्याच्या दप्तरातही माझ्याच बाथरूमचा फोटो कसा हो, साहेब?"

सेक्रेटरीसाहेबांनी घसा साफ केला. लोणी अजून पुरतं संपलं नव्हतं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की ही सगळी आरेखनं चुकीची आहेत?"

"सात. सात चूक आहेत."

"आणि तरी ती तुमचीच आहेत असं तुम्ही भर सभेत सांगताय? अहो, चुकीच्या कामावर कोण हक्क सांगतं?"

"ज्याने केलंय तो!" मास्तरांनी टेबलावर असा हात आपटला की पुस्तकांची चळत कोसळली. "बरोबर काम कुणीही आपलं म्हणेल, तुम्हीसुद्धा म्हणालात! ही चूक माझी आहे. हिंमत असेल तर म्हणा, तुमची आहे! म्हणा!"

सेक्रेटरीसाहेब कोटाची बटणं लावत खाली बसले, आणि चहा येण्याआधीच निघून गेले.

मास्तरांना कुणी खांद्यावर घेतलं नाही. उलट चहाच्या वेळी दोघेतिघे मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "काय मास्तर, डावं कुठलं, उजवं कुठलं?" आणि पोट धरधरून हसले. मास्तर लालबुंद. पण हात वर करायला जागाच नव्हती. बाईने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. संग्रहालयाला निरोप गेला होता, पत्रा थांबवला होता. पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची ठरली होती. डॉक्टरांनी मजकूर वाचून दाखवला: या पुस्तकातील सर्व आरेखने अमुक यांची आहेत. पुढे मास्तरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

छत्तीस वर्षांच्या बसगाड्यांवर, कुठल्याच कागदावर, त्यांचं नाव असं कधी छापून आलं नव्हतं.

"पुढचं वाचा," ते म्हणाले.

"पुढे काही नाही. एवढंच. झडपेचं आम्ही पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. चिठ्ठीत कशाला? तुमचीच शोभा."

"लिहा," मास्तर म्हणाले. "शीट दोन ते आठमध्ये डावी-उजवी बाजू उलटी आहे. ही चूक त्यांचीच."

"मास्तर, नाव राहू दे, दुसरं वाक्य जाऊ दे. ऐका माझं."

"दुसरं वाक्य जाणार असेल तर पहिलंही खोडा!" मास्तर ओरडले आणि त्यांनी फोन आपटला.

पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला. "काय म्हणाले?" बाईने विचारलं.

"छापतील," मास्तर म्हणाले. "दोन्ही छापतील. नाही छापलं तर बघतोच मी." आणि कोऱ्या कागदाची गुंडाळी काखेत मारून ते शीट दोन पहिल्यापासून काढायला आत गेले. सदुसष्टाव्या वर्षी, सात शीट्स. बाईने मनातल्या मनात हिशोब केला आणि तो त्यांना काही सांगितला नाही.